प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: पहिल्या पंधरा मिनिटांपासून पुढे

नागपुरात सदर भागातल्या चर्चमधून रविवारी उपासना आटोपून बाहेर पडताना, किंवा मेकोसाबागेत कुणाच्या घरी प्रार्थनासभेनंतर चहा घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "मला काही प्रार्थना करता येत नाही बा. पाळकसाहेब करतात तशी तर नाहीच नाही." असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा चांगली विश्वासू असतात. रविवार चुकवत नाहीत, अर्पण देतात, नाताळात फराळाची ताटं शेजारीपाजारी पोचवतात. श्रद्धेत त्यांच्या काही कमी नसते. प्रार्थना त्यांनी कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते, तीही माइकवरून, लांबलचक आणि जड शब्दांत. तसं आपल्याला बोलता येणार नाही हे मनाशी पक्कं करून ते गप्प बसलेले असतात. जेवणाआधीची दोन वाक्यं आणि रात्री झोपताना पुटपुटलेला 'आमेन' एवढ्यावर वर्षानुवर्षं निघतात. पुढे जे लिहिलंय ते अशांसाठी आहे. ज्यांना तास-तासभर प्रार्थना जमते त्यांना यात नवं काही मिळणार नाही.

प्रार्थना म्हणजे नेमकं काय

येशूच्या शिष्यांपैकी एकाने त्याला एकदा सरळ म्हटलं, प्रभूजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हे आहे. ही माणसं यहुदी घरांत वाढलेली होती, स्तोत्रं त्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली होती. तरी त्यांना शिकवणी मागावीशी वाटली. तेव्हा आपल्याला शिकावं लागतंय यात लाजण्यासारखं काही नाही.

उत्तरादाखल येशूने त्यांना देवाला 'पिता' म्हणून हाक मारायला सांगितलं. ख्रिस्ती प्रार्थनेचा सगळा डोलारा या नात्यावर उभा आहे. तुमची गरज मागण्याआधीच पित्याला ठाऊक असते, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो आणि लगेच पुढच्याच ओळीत मागायला शिकवतो. ज्याला सगळं माहीत आहे त्याला सांगायचं कशाला, हा प्रश्न दहावीतल्या पोरालाही पडतो. पण लेकरू घरी आल्यावर दिवसभराचं सांगतं ते आईला बातमी कळावी म्हणून थोडंच सांगतं! त्याला सांगायचं असतं, आईला ऐकायचं असतं. सांगता-सांगता त्याचं त्यालाही कळतं की आज आपल्याला नेमकं कशाचं वाईट वाटलंय.

शेवटी आपण 'येशूच्या नावाने मागतो' म्हणतो, त्याबद्दलही थोडं. काहींना वाटतं हा शिक्का आहे, मारला नाही तर अर्ज परत येतो. तसं नाही. आपल्या पुण्याईच्या बळावर आपण देवापुढे उभे नाही, येशूने मोकळ्या केलेल्या वाटेने आलो आहोत, एवढी कबुली त्यात आहे. घाईगडबडीत ते शब्द म्हणायचे राहिले म्हणून प्रार्थना बाद होत नाही.

वेळ आणि जागा आधी ठरवा

नव्वद टक्के काम इथे आहे, असं माझं मत. 'वेळ मिळेल तेव्हा करीन' म्हणणाऱ्याला वेळ मिळत नसतो. दानीएल दिवसातून तीनदा, ठरलेल्या खिडकीशी गुडघे टेकायचा, तेही राजाने बंदी घातलेली असताना. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला, असं मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. आणि तो गेला कधी? आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, आजारी लोकांची रांग लागली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे काम वाढलं तेव्हा त्याने प्रार्थनेचीच वेळ राखली.

आपल्या नागपूरला यात एक आयती सोय आहे. एप्रिल-मेमध्ये तसंही सकाळी सहानंतर झोप लागत नाही, दहा वाजल्यापासून बाहेर पाय ठेववत नाही. पहाटे पाच-साडेपाचला गच्चीवर थोडी हवा असते, कूलरची घरघर खाली राहिलेली असते, दूधवाला सोडला तर हाक मारणारं कुणी नसतं. ती पंधरा मिनिटं धरून ठेवा. थंडीत तीच वेळ जमणार नाही, तेव्हा सात करा. ऋतूप्रमाणे वेळ बदलली तर देव रागावत नाही.

बुटीबोरीच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांनी घड्याळाला न बांधता कामाला बांधावं: बूट घालण्याआधी, किंवा शिफ्ट संपवून आंघोळ झाल्यावर, जेवणाआधी. रात्रपाळीवाल्याला सकाळी आठ वाजता डोळे मिटून बसायला सांगणं म्हणजे झोपायला सांगणं आहे. त्याने उभ्याने किंवा फेऱ्या मारत प्रार्थना करावी. होस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना एकांत ही मोठी अडचण. एका खोलीत तिघं, एक मोबाइलवर, दुसरा व्हिडिओ कॉलवर. मग सेमिनरी हिल्सच्या झाडीत सकाळी फिरायला जा, चालताना बोला. ओठ हलले तरी चालतील. शमुवेलाची आई हन्ना अशीच ओठ हलवत प्रार्थना करत होती, तेव्हा मंदिरातल्या याजकाला ती प्यायलेली वाटली. तुम्हाला बघून लोकांना वाटेल इअरफोन लावून बोलून राहिलेत, हल्ली त्याचंही कुणाला काही वाटत नाही.

'आपल्या खोलीत जा, दार लावून घे' असं येशू म्हणतो, ते दिखाव्यासाठी चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांच्या संदर्भात. वन रूम-किचनमध्ये पाच माणसं राहतात त्या घराला दार लावायला खोली कुठून येणार? तिथे स्वयंपाकघराचा कोपराही चालतो. दाराचं काम एवढंच, की माणसांपुढे काही सिद्ध करायचं उरू नये. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल मोबाइलवर वाचत असाल तर डेटा बंद करा. एक मेसेज आला की पंधरा मिनिटं गेलीच.

पहिली पंधरा मिनिटं

बसल्या-बसल्या बोलायला सुरुवात करू नका. पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. श्वास खाली येऊ द्या. आपण कुणापुढे बसलो आहोत एवढंच मनाला सांगा. डोळे मिटले की झोप येणाऱ्यांनी उघडे ठेवावेत. गुडघे टेकायला हरकत नाही, पण गुडघेदुखीवाल्यांनी तपश्चर्या करू नये, खुर्ची वापरावी. बायबलमध्ये माणसं उभी राहून, हात वर करून, पालथी पडून, अंथरुणावर झोपूनही प्रार्थना करताना दिसतात.

मग एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने म्हणजे आपल्या कानाला ऐकू येईल इतकं. स्तोत्रसंहिता हे बायबलमधलं प्रार्थनांचंच पुस्तक आहे, एकूण १५० स्तोत्रं. रोज एक घेतलं तर पाच महिन्यांत संपतं. ११७वं अवघ्या दोन ओव्यांचं, त्या दिवशी सुट्टी समजा. ११९वं १७६ ओव्यांचं, ते आठ-आठ ओव्यांच्या बावीस भागांत मुळातच विभागलेलं आहे, तसंच बावीस दिवस घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ पहिल्यापासून जाऊ नये, मधेच शत्रूंना शाप देणारी स्तोत्रं लागतात आणि माणूस दचकतो. आधी २३, ६३, १०३, १२१, १३९ अशी फिरून या. वाचताना एखादी ओळ अडकली की तिथेच थांबा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' इथेच जर मन म्हणालं, "पण या महिन्याचं घरभाडं तर उणंच आहे," तर तीच तुमची आजची प्रार्थना. पुढचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

त्यानंतरच्या पाच-सात मिनिटांत आपल्या शब्दांत बोला. इथेच गाडी अडते, कारण आपण लगेच 'हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, कृपाळू परमेश्वरा, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन' या भाषेत शिरतो आणि चौथ्या शब्दाला अडखळतो. उपासनेत ती भाषा शोभते, शेकडो लोकांच्या वतीने बोलताना ती लागतेही. गच्चीवर एकट्याने बसल्यावर ती कशाला? मेकोसाबागेतल्या एका आजीची सकाळची प्रार्थना मी ऐकली आहे. ती जवळपास अशी असते:

"बापा, आज गुडघा लय दुखून राहिला. तरी उठली मी, तुझी कृपा. पोट्टं परीक्षेला गेलं, त्याचं डोकं शांत ठेव. शेजारच्या वहिनीशी काल वाकडं बोलली, ते तर तुला माहीतच आहे. आज जाते तिच्याकडे. तिचा नवरा मेडिकलमध्ये भरती आहे, त्याले बरं कर. येशूच्या नावाने. आमेन."

यात काय राहिलं सांगा. उपकार आहेत, कबुली आहे, चूक दुरुस्त करायचा बेत आहे, दुसऱ्यासाठी मागणं आहे, आणि मिनिटभरात आटोपलं. जी भाषा घरात बोलता ती इथे चालते. नागपुरी बोलत असाल तर नागपुरी, घरात हिंदी असेल तर हिंदी.

शेवटी एक मिनिट पुन्हा गप्प. आणि 'प्रभूची प्रार्थना' म्हणून उठा.

प्रभूची प्रार्थना, ओळ-ओळ थांबून

जी प्रार्थना येशूने स्वतः शिकवली ती आपण सगळ्यात वेगाने म्हणतो. उपासनेत तर श्वास न घेता. आठवड्यातून एक दिवस तिच्या प्रत्येक ओळीवर थांबून बघा, वीस मिनिटं कशी गेली कळणार नाहीत.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इथे 'आमच्या' आहे, 'माझ्या' नाही. एकट्याने म्हणतानाही तसंच म्हणायचं आहे. म्हणजे ज्या दिराशी धंतोलीच्या फ्लॅटवरून कोर्टात केस चालू आहे, त्याचाही तो पिता. या पहिल्याच ओळीवर काही लोक अडकतील, अडकू द्या. ज्यांचे स्वतःचे वडील मारकुटे किंवा दारुडे होते त्यांना तर 'पिता' हा शब्दच नकोसा होतो. त्यांनी स्तोत्रांतल्या दुसऱ्या हाका घ्याव्यात: मेंढपाळ, खडक, आश्रय. त्याने प्रार्थना कमी प्रतीची होत नाही.

'तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' मागण्या सुरू झाल्या तरी अजून आपली एकही नाही! आपला स्वभाव उलटा, बसल्या-बसल्या आपली यादी उघडतो. इथे थांबून विचारा, की आज माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, माझ्या वर्गात देवाच्या इच्छेप्रमाणे व्हायचं तर नेमकं काय व्हायला हवं? कामवालीचा पगार पाच तारखेला द्यायचा राहिला असेल तर ते आठवेल. आठवलं की त्याच दिवशी द्या.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' भाकरच मागायची आहे, आणि आजची. भाडं, फी, नोकरीची ऑर्डर, इंजेक्शनचे पैसे सगळं या ओळीत बसतं. देवाकडे असलं काय मागायचं, असा संकोच बऱ्याच जुन्या माणसांना असतो. तो सोडा. ज्याने भाकर मागायला सांगितली त्याला गॅस सिलिंडरचं काय वावडं? पुन्हा 'आम्हांला' आहे हे विसरू नका. आपली पोळी मागताना सिग्नलवरच्या पोराची आठवण झाली पाहिजे.

क्षमेची ओळ सगळ्यात जड. जसे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तशी तू आमची ऋणे सोड. येशूने ही एकच ओळ प्रार्थना संपल्यावर परत उलगडून सांगितली, बाकी एकही नाही. इथे मोघम बोलू नका. 'माझी सर्व पापे क्षमा कर' म्हणणं फार सोपं असतं, त्यात काहीच कबूल करावं लागत नाही. 'काल ऑफिसात मी खोटं बोललो आणि दुसऱ्याला बोलणी बसली' असं म्हणा. पश्चात्तापाचं ५१वं स्तोत्र हाताशी ठेवा. मग ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाणं आलं. अर्पण वेदीपाशी आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. एक सावधगिरी मात्र हवीच. घरात मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा' असं प्रार्थनेच्या नावाखाली सांगणारे असतात. क्षमा करणं आणि मार खायला परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला आधी सुरक्षित जागा लागते.

'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' ही मोहापासून राखण्याची शेवटची ओळ म्हणताना आजचा दिवस डोळ्यांसमोर आणा: कुठे घसरणार आहे हे आपल्याला बहुतेक आधीच माहीत असतं.

पुस्तकातली की मनातली?

हा वाद आपल्याकडे जुना आहे. एक जण म्हणतो, छापील प्रार्थना म्हणजे पोपटपंची. दुसरा म्हणतो, उत्स्फूर्त प्रार्थना म्हणजे तेच ते शब्द दहा वेळा आणि मधे-मधे 'प्रभू प्रभू'. दोघंही थोडेथोडे बरोबर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. सहा परंपरांच्या मंडळ्या त्यात एकत्र आल्या. पिढ्यानपिढ्या पुस्तकातून प्रार्थना म्हणणारे अँग्लिकन होते, आणि लिहिलेल्या प्रार्थनेपेक्षा मनातून केलेलीच बरी मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. एका मंडळीत दोन्ही मावतात, तर एका माणसाच्या सकाळीत का मावू नयेत?

माझा सल्ला असा, की मन भरलेलं असेल तेव्हा आपले शब्द वापरा, मन रिकामं असेल तेव्हा पुस्तकाचे. ताप आहे, घरात मयत झाली आहे, रात्रभर दवाखान्यात जागलात, अशा वेळी शब्द सुचत नाहीत. तेव्हा पाठ असलेली प्रार्थनाच कामाला येते. म्हणून चार-पाच गोष्टी पाठ पाहिजेतच: प्रभूची प्रार्थना, २३वं आणि १२१वं स्तोत्र, आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराचं ते एक वाक्य, 'हे देवा, मज पापी मनुष्यावर दया कर.' पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये त्याच धर्तीची छोटी येशू-प्रार्थना श्वासाच्या लयीत पुन्हा-पुन्हा म्हणण्याची परंपरा शेकडो वर्षांची आहे.

कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. पाच दशकं, दर दशकाला एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा नमो मरिया, शिवाय येशूच्या जीवनातल्या एकेका रहस्यावर मनन. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं जुनी, प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. प्रोटेस्टंट वाचक याला 'व्यर्थ बडबड' म्हणतील, पण येशूने ज्या बडबडीला नाव ठेवलं ती 'जास्त बोललो की देव ऐकेल' या समजुतीची होती. गेथशेमाने बागेत येशूनेही तेच शब्द तिसऱ्यांदा म्हटले होते.

आणि ज्यांना बोलवतच नाही त्यांनी गावं. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आपल्या मंडळ्यांत अजून म्हटली जातात. अभंग-ओवीच्या चालीतलं भजन स्वयंपाक करताना सहज ओठांवर येतं, तीही प्रार्थनाच.

इतरांसाठी मागताना: एक वही

'प्रार्थनेत आठवण ठेवा' असं कुणी म्हटलं की आपण 'हो नक्की' म्हणतो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत विसरतो. म्हणून एक साधी वही ठेवा. सगळी नावं रोज घ्यायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. वार वाटून घ्या. सोमवारी घरचे, मंगळवारी नातेवाईक, बुधवारी मंडळीतले आजारी आणि एकटे राहणारे, गुरुवारी कामावरचे. शुक्रवार मी त्यांच्यासाठी ठेवावा म्हणेन ज्यांच्याशी आपलं पटत नाही. वधस्तंभावरून येशूने खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली तो वार तो. शनिवारी शहर आणि देश, राज्यकर्तेसुद्धा. त्यांना मत दिलं की नाही याचा संबंध नाही, राजांसाठी प्रार्थना करा असं प्रेषित पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो तेव्हा रोममध्ये सम्राटाची सत्ता होती. रविवारी काहीच मागू नका, फक्त आभार माना.

नावापुढे दोन शब्द आणि तारीख पुरे. काही महिन्यांनी मागची पानं उलटा. काही गोष्टी झालेल्या असतात आणि आपण आभार मानायचे विसरलेले असतो. काही झालेल्या नसतात, त्यांच्याबद्दल पुढे.

व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना-ग्रुपबद्दल मात्र बोललंच पाहिजे. 'अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं लग्न मोडण्याच्या बेतात आहे' हा मेसेज दोनशे लोकांत गेला की प्रार्थना दहा जण करतात, चर्चा एकशे नव्वद. आजाराचं नाव, रिपोर्टचा फोटो, घरातलं भांडण हे ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. 'आपल्या मंडळीतल्या एका कुटुंबासाठी' एवढं पुरतं. देवाला पत्ता माहीत आहे.

मन भटकतं, आणि काहीच वाटत नाही

भटकणारच. तिसऱ्या मिनिटाला कुकरची शिटी, ईएमआय, बहिणीचं टोचून बोललेलं वाक्य सगळं येतं. हाकलत बसू नका. जे आलं त्यालाच प्रार्थनेत घ्या: "देवा, हप्त्याची काळजी आली बघ परत." मग पुन्हा स्तोत्राच्या ओळीकडे या. शेजारी कागद ठेवला तर 'लाइट बिल' असं लिहून मोकळं होता येतं.

महिनोन् महिने कोरडं वाटणं ही निराळी गोष्ट. त्यासाठीही बायबलमध्ये शब्द आहेत आणि ते आपण फार कमी वापरतो. १३वं स्तोत्र 'कोठवर?' असं थेट देवाला विचारतं, तेही चार वेळा. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही समाधान नाही. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते काढून टाकलं नाही. म्हणजे देवापुढे रडणं, तक्रार करणं, "तू कुठं आहेस बापा?" म्हणणं हे अविश्वासाचं लक्षण मानायचं कारण नाही. फक्त ते देवाशीच बोला, त्याच्या माघारी नको. याच्या जोडीला झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगावंसं वाटत नसेल तर पाळकांसोबत डॉक्टरलाही भेटा, आणि उशीर करू नका.

मागितलं आणि मिळालं नाही

इथे सोपं उत्तर देणाऱ्यांपासून जपून राहा. 'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य मुलगा गमावलेल्या आईला बोलणारी माणसं आहेत. त्यांनी गेथशेमानेचा प्रसंग परत वाचावा. हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख आणि मरण, टळावा म्हणून येशूने मागितलं, आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचं उत्तर आलं. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

उलटही होतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगात असतो, मंडळी त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना करत असते. तो सुटून दाराशी येतो, दार वाजवतो. आवाज ओळखून घरातली कामवाली मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि प्रार्थना करणारी मंडळी तिला म्हणते, वेड लागलंय तुला! ज्याच्यासाठी मागत होते तो बाहेर उभा, आणि त्यांचाच विश्वास बसेना. आपणही बहुतेक याच मंडळीत बसतो.

व्यवहारात काय करायचं? मागत राहा, न्यायाधीशाकडे न थकता खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला येशूने त्यासाठीच सांगितला. मात्र जे आपल्या हातात आहे ते प्रार्थनेवर ढकलू नका. नोकरीसाठी प्रार्थना करायची आणि अर्ज भरायचा नाही, शुगरसाठी प्रार्थना करायची आणि गोळी सोडायची, हे विश्वासाचं काम नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

उपास

लेंटमध्ये, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस बरेच जण उपास-प्रार्थना करतात. नागपुरात या दिवसांत ऊन चढायला लागतं. पाणी सोडू नका. मधुमेह, गरोदरपण, बीपीच्या गोळ्या असतील तर अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारून, नाहीतर रील्स आणि सिरियलचा उपास करा, तो जास्त जड जातो. जेवणाचे वाचलेले पैसे भुकेल्याला द्यावेत, यशयाच्या ५८व्या अध्यायात उपासाचा अर्थ तोच सांगितला आहे. आणि उपास आहे हे चारचौघांत सांगत फिरू नये.

घरची प्रार्थना

कौटुंबिक प्रार्थना मरते ती लांबीने. पप्पा अर्धा तास बोलतात, पोरं गुडघ्यांवर डोकं ठेवून झोपतात, आणि मोठी झाली की परत त्या सतरंजीवर बसत नाहीत. दहा मिनिटं पुरे. एक कडवं गाणं, शुभवर्तमानातल्या आठ-दहा ओव्या, मग प्रत्येकाने एकच वाक्य. सहा वर्षांची मुलगी 'देवा, टॉमीचा पाय बरा कर' म्हणाली तर कुत्र्यासाठी प्रार्थना करतात का, असं तिला विचारू नका, आमेन म्हणा. नवरा-बायकोचं भांडण झालं असेल त्या रात्री प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत: 'प्रभू, काही जणांना नम्रता दे' असलं काही. पोरांना ते लगेच कळतं. प्रार्थना कुणी सांगायची हेही आळीपाळीने ठेवा. कायम घरधन्यानेच सांगावी असं कुठे लिहिलेलं नाही.

दवाखान्यात, आणि चारचौघांत

मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या जनरल वॉर्डात कुणाला भेटायला गेलात तर आधी विचारा, "प्रार्थना करू का?" नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, फळं ठेवून, पाच मिनिटं बसून या. हो म्हटलं तर खाटेजवळ खुर्ची ओढा, वरून वाकून उभे राहू नका. नाव घेऊन, हळू आवाजात, दोन मिनिटांत आटपा. शेजारच्या खाटेवर कुणी झोपलेलं असतं, कुणी वेगळ्या धर्माचं असतं, सगळ्यांना ऐकवायची गरज नाही. 'तू नक्की बरा होशील, मला देवाने दाखवलं' असलं वचन देऊ नका. रात्रभर जागलेल्या नातेवाइकाचंही नाव घ्या, त्याच्यासाठी सहसा कुणीच प्रार्थना करत नाही. तेल लावून प्रार्थना करावी अशी इच्छा असेल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात तशी रीत आहे.

कामाच्या ठिकाणी डोळे मिटून बसणं शक्य नसतं. जुन्या करारातला नहेम्या राजापुढे उभा होता, राजाने विचारलं, काय हवंय? त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच राजाला उत्तर दिलं. मीटिंगमध्ये बोलण्याआधी, चिडलेल्या गिऱ्हाईकाचा फोन उचलण्याआधी, मेट्रोत सीट मिळाल्यावर एक वाक्य एवढंच.

राहिली प्रार्थनासभा, जिथे गोलात बसून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची असते आणि आपली पाळी जवळ आली की तळहाताला घाम फुटतो. आधीच तीन वाक्यं ठरवून ठेवा: एक आभाराचं, एक दुसऱ्यासाठी, एक मंडळीसाठी. जो आधी बोलला त्याच्यापेक्षा सुंदर बोलायचं नाही. त्याने मागितलेलं परत मागितलं तरी चालतं. शब्द अडलाच तर थांबा, शांततेला घाबरू नका, आणि सुचलंच नाही तर 'आमेन' म्हणून शेजाऱ्याच्या हाताला हलकंच दाबा. त्याला कळतं, तो सुरू करतो.